सातव्या बाटलीचं वजन

१

सोमवारी सकाळी साडेअकराला माझ्या भाचीला चारचौघांत खोटारडी ठरवलं गेलं. ठरवणारे होते आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणतात. बघणारे होते बाहेरचे दोन परीक्षक, कंपनीकडून आलेले पाहुणे, आणि दाराच्या फटीतून मी.

मी कोण ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. मी काट्याच्या खोलीची बाई. ग्रॅमचा दहाहजारावा भाग दाखवणारा तराजू माझ्या ताब्यात असतो. त्याला आम्ही काटा म्हणतो, म्हणून माझं नाव पडलं काटेमावशी. त्यातलं मावशी हे भाचीमुळे चिकटलं आणि काटे हे स्वभावामुळे, असं लोकांचं मत आहे. असू दे. तीस वर्षं मी एकच नियम चालवलाय. बाटली बंद केली की वजन करून लेबलावर लिहायचं. पुन्हा उघडण्याआधी परत वजन करायचं. दोन आकडे जुळले तरच झाकणाला हात लावायचा. भिंतीवर तशी पाटीच आहे: 'वजन जुळलंच पाहिजे.'

आता भाचीचं काम. मीठ पातळ करायचं तर भट्टी लागते. पण काही क्षार असे बनवता येतात की ते साध्या खोलीतही पातळच राहतात, मधासारखे. त्यांना आयनिक द्रव म्हणतात. त्यांना वास नसतो आणि स्पिरिटसारखे ते उडूनही जात नाहीत. मोडक्या मोटारींच्या चुंबकांतून दोन धातू निघतात, अगदी जुळ्या बहिणी. त्यांना वेगळं करताना भल्याभल्यांच्या तोंडाला फेस येतो. भाचीने चार वर्षं खपून असा द्रव केला की तो दोघींपैकी एकीलाच उचलतो आणि दुसरीकडे ढुंकून बघत नाही. सहा बाटल्या फसल्या होत्या, सातवी जमली.

आणि आज सगळ्यांसमोर त्या सातव्या बाटलीने दोन्ही धातू सारखेच उचलले.

"मग वहीतले आकडे कुठून आले?" सरांनी विचारलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "चार वाजता समिती बसेल. तोपर्यंत उत्तर नसेल तर तुमचं नाव इथून कमी होईल. आणि का कमी झालं, हेही कागदावर राहील."

नवी बाटली बनवायला तीन आठवडे लागतात. हातात होते साडेचार तास.

मी खोलीत परतले. डोकं फिरलं की मी काटा पुसते, माझी सवयच आहे. काचेच्या पेटीचं दार सरकवलं तर आत कोपऱ्यात केसाएवढी बारीक काचेची काडी पडलेली. शुक्रवारी मी पेटी पुसून गेले होते, तेव्हा ती तिथे नव्हती.

२

ही काडी काय असते ते माझ्याशिवाय दोनच माणसांना माहीत आहे. घट्ट द्रवाचा एक थेंब पडला तरी तीसेक मिलिग्रॅमची उडी बसते. चौथ्या दशांशापर्यंत जुळवायचं तर थेंब चालत नाही. मग काचेची नळी ज्योतीवर धरून ओढायची, केसासारखी काडी करायची, तिचं टोक द्रवात बुडवायचं आणि बाटलीच्या आतल्या काठाला हळूच टेकवायचं. ही माझी युक्ती. मी ती शिकवली भाचीला आणि आमच्या सगळ्यात जुन्या संशोधकाला. सात वर्षं तो इथे आहे. हात इतका स्थिर की सगळे त्याला माझा पट्टशिष्य म्हणतात. मीही म्हणते, आणि कौतुकाने म्हणते.

म्हणजे कोणीतरी माझ्या काट्यावर काहीतरी अगदी बारीक भरलं होतं.

भाची मागच्या जिन्यात बसली होती, वही पोटाशी धरून. रडत नव्हती. लहानपणापासून तिचं असंच आहे. लागलं की गप्प.

"आज काडी ओढलीस का?" मी विचारलं.

"नाही. मी आज काही भरलंच नाही. पावणेनऊला आले, वजन केलं, जुळलं, बाटली घेऊन गेले."

"वही बघू."

"नको."

"अगं, मी मावशी आहे तुझी, समिती नाही."

"म्हणूनच नको," ती म्हणाली आणि वही आणखी घट्ट धरली.

कशाला खोटं बोलू? मला तिचाच संशय आला. जिला लपवायचं काही नाही, ती वही का लपवेल? आकडे खरंच रचलेले असतील, आज पितळ उघडं पडणार हे तिला ठाऊक असेल, तर बाटली स्वतःच बिघडवून 'कोणीतरी घात केला' म्हणणं ही एकच पळवाट उरते. आणि काडी तर तिला उत्तम ओढता येते. माझ्या बहिणीने पोर माझ्या भरवशावर इथे पाठवली होती. आणि मीच तिच्याकडे चोराकडे बघावं तशी बघत होते.

जिना उतरताना मी ठरवलं की खरं शोधायचं, मग ते तिच्याच अंगावर आलं तरी.

३

आधी गेले सरांकडे. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"बाई, तुम्ही नात्यातल्या. यात पडू नका."

"पडत नाही, फक्त विचारते. सातवी बाटली आज सकाळपर्यंत कोणाकोणाच्या हाताला लागली?"

उत्तर शेजारच्या खुर्चीतून आलं. कंपनीचे पाहुणे मोकळे गृहस्थ होते, जरा जास्तच मोकळे. "माझ्या लागली ना. शनिवारी सरांनी मला सगळं फिरवून दाखवलं. त्यांना फोन आला, दहा मिनिटं बाहेर गेले. मी बाटली उचलून उजेडात धरली. सुंदर दिसते हो. आमच्याकडे तिघंजण हेच करायला बघतायत, अजून जमलेलं नाही."

दहा मिनिटं, एकटा, आणि कंपनीत तिघंजण टपलेले. मी हसून 'अच्छा' म्हटलं आणि मनात गाठ मारली. सरांचा चेहरा मात्र पडला. ही दहा मिनिटं त्यांनी कोणाला सांगितली नव्हती.

तिथून भांडारात. भांडार सांभाळतात ते अण्णा, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे, काट्याच्या खोलीचीसुद्धा. भाचीशी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. तिने एकदा ओल्या बाटल्या दिल्याची तक्रार केली होती, ती त्यांनी जपून ठेवलीय.

"सकाळी कोण कधी आलं?" मी विचारलं.

"आठला मी दार उघडलं. सव्वाआठला तुमचा पट्टशिष्य. पावणेनऊला तुमची भाची. नऊला तुम्ही. सर पाहुण्यांना घेऊन थेट दहाला." त्यांनी चहाचा कप उचलला, तो नेहमीप्रमाणे बशीवर खडखडला. अण्णांचा हात गेली दोन वर्षं थरथरतो, सहीसुद्धा आता ते शिक्क्याने करतात. "शनिवार-रविवार रखवालदार असतो, मागितलं त्याला किल्ली देतो. पण बाई, झाकण उघडं राहून गुण उडाला असेल. अत्तराचा उडतो तसा."

"ते उडत नाही, अण्णा. भाची तर म्हणते उलट पितं, हवेतलं पाणी ओढून घेतं. मला विचाराल तर झाकण सैल लावते."

"मुलींना सांगायचं कोणी," अण्णा म्हणाले. या एका बाबतीत आमचं पटलं.

पट्टशिष्य त्याच्या टेबलाशी होता. समोर नळ्या मांडलेल्या, रॉकेलसारख्या जुन्या द्रावकाने तो तेच दोन धातू सात वर्षं वेगळे करतोय आणि ते सात वर्षं एकमेकांना चिकटून आहेत. मला बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. तेवढी रीत त्याला आहे.

"मावशी, ती खोटं बोलणाऱ्यातली नाही," तो म्हणाला. "पण दडपण आलं की माणसाच्या हातून होतं काहीबाही."

"तू सकाळी काट्याच्या खोलीत आला होतास?"

"नाही. आज मला काही तोलायचंच नव्हतं."

तो इतक्या सहज बोलला की मी मान डोलावली. निघताना मात्र दिसलं, त्याच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला ताजा भाजल्याचा फोड होता. पण ज्योतीशी काम करणाऱ्यांच्या बोटांना फोड असतातच. माझ्याही आहेत.

४

दीड वाजता भाचीला जिन्यातून उठवलं आणि म्हटलं, "रुसायचं नंतर. सातवी तपासायची."

हे द्रव ज्या क्षारापासून बनवतात त्यात क्लोराईड असतं. ते धुऊन धुऊन काढावं लागतं. राहिलंय का ते बघायचं तर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. स्वच्छ राहिलं तर सुटलो, पांढरं झालं तर धुणं फसलं. सातवी तयार झाली तेव्हा काचेसारखी स्वच्छ राहिली होती. ती तपासणी माझ्यासमोर झाली होती.

भाचीने थेंब टाकला. परीक्षानळी दुधासारखी पांढरी झाली.

"मावशी, हे सातवं नाही," ती म्हणाली. 

"निदान सगळं नाही. यात काहीतरी मिसळलंय. क्लोराईड राहिलेली ती पाचवीच ना?"

"पाचवी. मागच्या कपाटात. ती नापास आहे हे मला माहीत आहे, सरांना आणि तुला. लेबलावर तसं लिहिलेलं नाही, फक्त नाव आणि क्रमांक."

पाचवी आणून काट्यावर ठेवली. लेबलावरच्या आकड्यापेक्षा ती पंधरा ग्रॅमच्या आसपास हलकी भरली. तिथे कोणी काही जुळवायच्या भानगडीत पडलं नव्हतं. टाकाऊ बाटलीकडे कोण बघतो?

म्हणजे सातवीतून पंधरा ग्रॅम गेले आणि पाचवीचे पंधरा ग्रॅम आत आले. पण हे सरांना सांगून काय होणार? ते म्हणतील, हिनेच केलं. पाचवी कुठे आहे हिला माहीत, नापास आहे हिला माहीत, काडी हिला ओढता येते. अडीच तास मीसुद्धा तेच म्हणत होते.

"वही दे," मी म्हटलं. "या वेळी नको म्हणू नकोस."

तिने दिली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

५

वहीत लपवण्यासारखं काय होतं ते सांगते.

ही सातवी दर सोमवारी लेबलापेक्षा जरा जड भरायची आणि मी दर सोमवारी तोंड सोडायची. शेवटी कुरकुरत सूट दिली होती की फरक तुझ्या वहीत लिही, लेबल खराब करू नकोस. तिने तसंच केलं होतं. अकरा सोमवार, अकरा ओळी.

'०.००३१ जास्त. मावशी म्हणते झाकण सैल.'

'०.००२७ जास्त. नवीन झाकण लावलं होतं. मावशी पुन्हा ओरडली.'

'०.००३४ जास्त. पाणी पितं हे तिला पटत नाही. पुस्तक दाखवलं तर चष्मा नाही म्हणाली.'

चष्मा माझ्या डोक्यावर होता, मला आठवतंय.

आणि सगळ्यात खाली, आजची बारावी ओळ: 'लेबल २१२.४३८६. काट्यावर २१२.४३८६. तंतोतंत. आज मावशी खूश होईल.'

मला भरून आलं. पण रडायला वेळ नव्हता, कारण त्या ओळीने मला जागेवरच खिळवलं. मी ती पुन्हा वाचली, मग वरच्या अकरा पुन्हा वाचल्या.

अकरा वेळा ही बाटली शनिवार-रविवारात तीनेक मिलिग्रॅम पाणी प्यायली. झाकण नवीन असो की जुनं. बाराव्या वेळी ती उपाशी कशी राहिली? मी तीस वर्षं वजन जुळलं नाही तर संशय घेत आले. इथे गुन्हा असा होता की वजन जुळलं होतं.

मग एकेक धागा सुटत गेला. पाहुण्यांनी शनिवारी हातचलाखी करून आकडा जुळवला असता, तर सोमवारपर्यंत बाटली परत जड झाली असती. रविवारी कोणी केलं असतं तरी तेच. आकडा अगदी तंतोतंत सापडला, म्हणजे भरणं वजन करण्याच्या जेमतेम अर्धा तास आधी झालं. सोमवारी आठ ते पावणेनऊ. तेव्हा पाहुणे आणि सर इमारतीत नव्हतेच. इमारतीत दोघंच, अण्णा आणि पट्टशिष्य. ज्यांचा कप बशीत राहत नाही ते अण्णा केसासारखी काडी बाटलीच्या काठाला काय टेकवणार?

आणि भाची? तिने केलं असतं तर तिने तीन मिलिग्रॅम जास्तच भरले असते. ही बाटली पाणी पिते हे साऱ्या इमारतीत तिच्याइतकं कोणाला पाठ नव्हतं. अकरा ओळी पुरावा होत्या. आकडा लेबलाशी जुळवून ठेवणारा माणूस असा हवा, ज्याने ही वही कधी पाहिली नाही, पण माझी पाटी मात्र सात वर्षं रोज पाहिली.

"वही का देत नव्हतीस?" मी विचारलं.

"तुला वाईट वाटलं असतं," भाची पाठमोरीच म्हणाली.

६

तीन वाजता मी पट्टशिष्याला काट्याच्या खोलीत बोलावलं. काट्यावर सातवी ठेवली होती, बाजूला कागदावर ती काडी.

"बस. बोट कशाने भाजलं?"

"ज्योतीने."

"ही ओढताना?"

तो काडीकडे बघत राहिला. मी त्याला वहीतल्या बारा ओळी वाचून दाखवल्या. बारावी झाली आणि त्याने डोळे मिटले. हुशार आहे, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही.

"मी तिचं वाईट करायला गेलो नव्हतो, मावशी," तो हळू म्हणाला. "सात वर्षं माझं वेगळं होत नाही. तिची बाटली समोर होती. वाटलं, पंधरा ग्रॅम माझ्या नमुन्यावर घालून बघावं. मागितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं की माझं संपलं. पाचवीवर तेच नाव होतं. म्हटलं, तेच तर आहे, भरून ठेवतो, कोणाचंच नुकसान नाही. पाचवी नापास आहे हे मला खरंच माहीत नव्हतं."

"आणि साडेअकराला कळल्यावर?"

तो बोटावरचा फोड चाचपत राहिला.

"ते पंधरा ग्रॅम तू चोरलेस ते मी पोटात घातलंही असतं," मी म्हटलं. "पण ती जिन्यात बसली होती आणि तू मला सांगितलंस, दडपणाखाली होतं काहीबाही. मी तुझ्यावर विश्वास ठेवला. तिच्यापेक्षा जास्त ठेवला. हे मला जन्मभर पुरेल."

"आकडा जुळवला नसता तर मी सापडलो नसतो ना?" त्याने विचारलं. "पण तसं ठेवताच येईना. तुमच्या हाताखाली शिकलोय."

"जुळलं म्हणूनच सापडलास. आता एकच सांग. ते पंधरा ग्रॅम घातलेस नमुन्यावर?"

त्याने खिशातून एक छोटी कुपी काढली. सकाळपासून ती खिशातच होती. वापरायला धीर झाला नव्हता आणि फेकायलाही. कुपीवर लेबल होतं, आणि लेबलावर झाकणासकट वजन, चौथ्या दशांशापर्यंत. चोरीच्या मालावरही नियम पाळला होता. मला हसू आलं आणि रागही आला.

"चल," मी म्हटलं.

चारला पाच कमी असताना आम्ही तिघं समितीच्या खोलीत शिरलो. मी तोंड उघडायच्या आत तोच पुढे झाला आणि सगळं स्वतः बोलला, एकही सबब न घालता. तेवढं श्रेय त्याचं. सर टेबलावरच्या कागदांची कड सरळ करत राहिले. परीक्षकांपैकी एक वयस्क बाई होत्या, त्या म्हणाल्या, "गोष्ट छान आहे. पण पुरावा कुपीत आहे. करून दाखवा."

सगळे माझ्या खोलीत आले. कुपी मी काट्यावर ठेवली. आकडा स्थिर झाला. लेबलापेक्षा ०.०००९ जास्त. दिवसभर खिशात फिरून, ढिल्या झाकणातून, इवलंसं पाणी पिऊन झालं होतं.

"मावशी, जुळत नाही," पट्टशिष्य सवयीने म्हणाला.

भाची झाकणावर हात ठेवून थांबली होती. माझ्या डोक्यावर पाटी होती. सर माझ्याकडे बघत होते.

"माहीत आहे," मी म्हटलं. "उघड."

पाऊण तासाने यंत्राने कागद काढला. एक धातू वर, एक खाली. जुळ्या बहिणी वेगळ्या झाल्या होत्या, शंभरातल्या सत्त्याण्णव वाट्याने, वहीत लिहिलं होतं तशाच. परीक्षक बाईंनी कागदावर सही केली. पाहुणे खुर्चीतून उठून भाचीशी बोलायला गेले. सरांनी खिडकीकडे बघत अभिनंदन केलं, आणि पट्टशिष्य आपलं टेबल आवरायला निघून गेला. मला त्याच्या मागे जावंसं वाटलं, पण मी गेले नाही.

सगळे पांगल्यावर भाची माझ्या स्टुलावर बसली.

"मावशी, तुला माझाच संशय आला होता ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. "हो," मी म्हटलं. "अडीच तास. मला माफ कर."

तिने पेन काढलं. वही उघडली, बाराव्या ओळीखाली तेरावी लिहिली आणि वही माझ्याकडे फिरवली. या वेळी चष्मा मी स्वतःहून डोळ्यांवर घेतला.

'०.०००९ जास्त. मावशी म्हणाली, उघड.'